बीगल, बाबा आणि रविवारचा वर्ग

पहिल्या रविवारी उस्तादांनी आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "आपल्या कुत्र्याचं नाव घ्या. एकदाच. मग तो तुमच्या तोंडाकडे बघेपर्यंत गप उभे राहा."

धूलकोटहून केळीवाले एक शेतकरी यायचे, त्यांच्या डॉबरमनने नाव ऐकताच मान वर केली. शेजारी कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. तिची पांढरी पॉमेरियन तर नाव घेण्याआधीपासूनच तिच्याकडे टक लावून होती. मी नाव घेतलं. माझा बीगल तापीकडे बघत होता. मग त्याने उतारावरून चढणाऱ्या शेळ्यांकडे बघितलं. मग जमिनीला नाक लावून, कुणी तरी कधी तरी सांडलेल्या कशाच्या तरी मागे तो दोरीच्या टोकापर्यंत गेला. मी थांबले. ओळीतली बाकीची माणसं पुढच्या धड्याला लागली, तरी मी थांबलेलीच होते.

पाठीमागे पिंपळाच्या पारावर माझे वडील बसले होते. त्यांनी विचारलं, "कुत्रा कोणाचा आहे हा?"

"आपलाच आहे, बाबा."

"असं का," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "गुणी दिसत नाही."

मी बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. चाळीस-पन्नास मुलांना फळ्याकडे बघायला लावणं यातच माझं अर्धं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. धाकटा भाऊ पुण्याला असतो. बाबा खकनारच्या तहसील कचेरीत नकल शाखेत बाबू होते. शेतकऱ्यांना जमिनीच्या कागदांच्या नकला काढून देणं हे त्यांचं काम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बुऱ्हाणपूर ते खकनार बसने ये-जा केली, पण तिकडे खोली घेतली नाही, कारण आम्हा मुलांची शाळा इथे होती. त्यांची स्मरणशक्ती अशी होती की दारात माणूस उभा राहिला की हे त्याच्या गावाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव दोन्ही सांगत. मला पाढे त्यांनीच शिकवले, संध्याकाळी बसमधून उतरून, हातपाय धुऊन, चहा व्हायच्या आत.

त्यांचं विसरणं सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. गॅसवर दूध ठेवून ते गच्चीत जाऊन बसले. मग एके दिवशी सकाळी ते डबा मागायला लागले. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हटलं, "बाबा, कुठला डबा?" तर ते चिडले, बस चुकेल म्हणाले. इंदूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की या रस्त्यावरून कोणी मागे फिरत नाही, फार तर चाल हळू करता येते.

कुत्रा भावाने आणला. त्याने आणि त्याच्या बायकोने तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाळायला घेतला होता. नवराबायको दोघंही दिवसभर बाहेर, हा एकटा राहून गळा काढायचा, सोसायटीने तक्रार केली. दिवाळीला भाऊ त्याला गाडीत घालून इकडेच घेऊन आला. "ताई, बाबांना सोबत होईल," तो म्हणाला. "प्राणी असला की अशा माणसांचं मन रमतं. मी वाचलंय." भाऊ आपली अडचण माझ्या दारात ठेवून चाललाय, हे मला कळत होतं. पण त्याचं म्हणणं खरं निघालं तर, असंही वाटलं. त्या दिवसांत मला कोणीही काहीही सांगितलं असतं तरी मी करून पाहिलं असतं.

दोन महिन्यांत उलटंच झालं. बीगल जातीचा कुत्रा नाकाने जगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावा जलेबीचं दुकान आहे, पलीकडे केळीच्या घडांचे ट्रक भरतात, दिवसभर यंत्रमागांची खटखट आणि हातगाड्यांची ये-जा. बाबा कडी काढून दारात उभे राहायचे. हा त्यांच्या पायांमधून सटकायचा आणि बाबा "अरे, अरे" करत बनियनवर त्याच्या मागे निघायचे. पहिल्यांदा दोघंही जलेबीच्या दुकानाशी सापडले. दुकानदाराने दोघांनाही खायला घातलं होतं. मी हसले. दुसऱ्यांदा ते मोठ्या रस्त्यावर सापडले. ट्रकवाला खाली उतरून बाबांना शिव्या देत होता आणि बाबा त्याला शांतपणे विचारत होते, "आपका गाँव कौन सा?"

जनावरांच्या डॉक्टरांनी मला उस्तादांबद्दल सांगितलं. ते पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले गृहस्थ. राजघाटाच्या वरच्या अंगाला एक मोकळं मैदान आहे, तिथे दर रविवारी सकाळी वर्ग घ्यायचे. मी त्यांना घरची परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, दाराच्या कडीला हात लागला की भुंकायचं, एवढं कुत्र्याला शिकवता येतं. माणसाला सोडून जायचं नाही, हेपण शिकवता येतं. लेकिन पहले नजर. कुत्र्याने तुमच्याकडे बघितलंच नाही, तर तुम्ही शिकवणार कोणाला?"

त्या एका वाक्यावर मी पुढचे चार महिने काढले.

शाळेच्या दिवशी शेजारी दाराकडे लक्ष ठेवायचे किंवा मी रजा काढायची, पण रविवारी कोणी नसायचं आणि बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून रविवारी मी दोघांनाही घेऊन निघायची. ऑटोत बाबा मध्ये, कुत्रा माझ्या पायांशी. मैदानावर गेल्यावर बाबांना पारावर बसवायचं, थर्मासमधला चहा ओतून द्यायचा, वर्तमानपत्र हातात द्यायचं आणि मग दोरी धरून ओळीत जायचं.

उस्तादांनी मला जे जे सांगितलं ते सगळं मी वहीत लिहून घेतलं. सकाळी त्याला खायला देऊ नका, भुकेला आणा. आल्याआल्या दहा मिनिटं त्याला मनसोक्त हुंगू द्या, नाकाची हौस भागली की डोळे मोकळे होतात. बाकीच्या कुत्र्यांपासून लांब उभे राहा, आणि तो लक्ष द्यायला लागला की दर आठवड्याला दोन पावलं जवळ या. खाऊ चिमटीत धरून आपल्या डोळ्यांशी न्या. त्याची नजर खाऊवरून तुमच्या डोळ्यांवर आली की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि द्या. उशीर केलात तर तो दुसऱ्याच कशाचं तरी बक्षीस समजेल. शब्द एकच ठेवा. मी "बघ" हा शब्द ठेवला. पण तो बघत नसला की माझ्या तोंडून आपोआप "बघ, अरे बघ, इकडे, माझ्याकडे, कुठे बघतोस" असं सगळं निघायचं.

"तुम्ही आठ शब्द बोलता, तो एकही ऐकत नाही," उस्ताद म्हणाले. "शाळेतपण असंच करता का?"

शाळेत मी असंच करत होते.

खाऊचा प्रश्न वेगळाच. उस्ताद म्हणाले होते की उकडलेली कोंबडी आणा, तिच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्या घरात मांस शिजत नाही. मी पनीरचे तुकडे नेले. पहिल्या दिवशी चालले, दुसऱ्या रविवारी त्याने ते तोंडात घेऊन खाली टाकले. मग मी केळं नेलं. त्या शेतकऱ्यांना हसू आलं. "मॅडम, आमच्याकडे वानरं हाकलायला माणूस ठेवतो, तुम्ही कुत्र्याला केळं खायला लावता," ते म्हणाले. पण केळं त्याला आवडलं. निदान ते असेपर्यंत तो हाताकडे तरी बघायचा, डोळ्यांकडे नाही.

घरी मात्र थोडं जमत होतं. आतल्या खोलीचं दार लावून, पंखा बंद करून मी त्याच्यासमोर जमिनीवर बसायची. "बघ." तो बघायचा. तीन सेकंद. पंधरा दिवसांनी सात. महिन्याने बारा. मी आनंदाने उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "घरी पास, मैदानात नापास. बंद खोलीत तर कोणीपण लक्ष देईल मॅडम, तिथं दुसरं आहेच काय?"

मैदानात तो नापासच होत राहिला. आठव्या रविवारी त्याने एका शेळीच्या मागे दोरी ओढली, तेव्हा मी पडले आणि माझं कोपर सोलवटलं. दहाव्या रविवारी त्याने पूर्ण तासात एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. कॉलेजची मुलगी आपल्या पॉमेरियनला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून नुसत्या बोटाने बसवत होती. मला तिचा हेवा वाटायचा. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, हे मी कशासाठी करतेय? हा दहा वर्षांनी शिकला तरी तोवर दाराची कडी काढणारा हात राहणार आहे का? पण रविवार आला की मी वही घेऊन निघायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हाच कधी तरी उस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"एक सांगू का? राग मानू नका. तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही."

"मी? मी तर तासभर त्याच्याकडेच बघते."

"नाही. दर मिनिटाला मान वळवून पारावर बघता."

"माझे वडील आहेत तिथे."

"मला माहीत आहे. पण कुत्र्याला माहीत नाही ना. त्याला वाटतं, मॅडम जिकडे बघतात तिकडे बघण्यासारखं काही तरी आहे. तो पण तिकडे बघतो. एक मिनिट पूर्ण त्याच्या व्हा. तुमचे बाबूजी कुठे जात नाहीत, आम्ही सगळे आहोत ना."

ते बरोबर होतं. मी आजही म्हणेन की शिकवण्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं.

पुढच्या रविवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला. खिशाला पेन लावलं. मी त्यांना विचारलं, "आज एवढी तयारी?" ते म्हणाले, "मग, असंच जायचं का?" मला वाटलं, वर्गाला जायचं म्हणून म्हणताहेत. बरंच वाटलं मला, की यांना रविवार लक्षात राहिला.

मैदानावर वारा नव्हता. शेळ्या अजून आल्या नव्हत्या. मी कुत्र्याला दहा मिनिटं हुंगू दिलं, मग बाकीच्यांपासून वीस पावलांवर नदीकडे पाठ करून उभी राहिले. मनाशी ठरवलं की आज मागे बघायचं नाही. केळ्याचा तुकडा डोळ्यांशी नेला आणि एकदाच म्हटलं, "बघ."

त्याने बघितलं. आधी तुकड्याकडे, मग माझ्या डोळ्यांत. मी तुकडा हळूच खाली नेला, पाठीमागे धरला. तरी तो माझ्याच डोळ्यांत बघत होता. त्याचे डोळे गडद तपकिरी आहेत, कडेला काजळ घातल्यासारखी रेघ आहे, हे मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. उस्ताद हलक्या आवाजात मोजायला लागले. दस. ग्यारह. बारह. डॉबरमन भुंकला, याचा कान हलला, पण नजर हलली नाही. अठारह. उन्नीस. इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. काही नको, फक्त तू काय सांगतेस ते कळू दे, असं. छब्बीसला उस्ताद म्हणाले, "बस, द्या." मी "शाब्बास" म्हणाले आणि तुकडा दिला. ती कॉलेजची मुलगी टाळ्या वाजवत होती.

ते सव्वीस सेकंद मी सुखात होते. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मी बाबांना सांगायला वळले. पारावर वर्तमानपत्र होतं, चहाचा अर्धा कप होता, उन्हाळ्यातही न सुटलेला त्यांचा मफलर होता. बाबा नव्हते.

पहिल्यांदा मी पाराच्या मागे बघितलं. मग रस्त्यावर. मग माझी नजर घाटाच्या पायऱ्यांकडे गेली. उस्ताद पायऱ्या उतरायला लागले. खाली नावाडी बसले होते, त्यांना विचारू लागले. मुलगी स्कूटीवरून आमच्या घराकडे गेली, जलेबीच्या दुकानापर्यंत बघून येते म्हणाली. शेतकऱ्यांनी जीप काढली आणि ते किल्ल्याच्या बाजूने गेले.

मी मफलर उचलला आणि कुत्र्याच्या नाकाशी धरला. हे उस्तादांनी कधी शिकवलं नव्हतं. पण याचं नाक याच कामाचं, असं सगळे सांगत होते ना. आत्ताच तर त्याने माझं ऐकलं होतं. मी म्हटलं, "बाबा कुठे आहेत? शोध." त्याने मफलर मन लावून हुंगला. शेपटी ताठ केली, नाक जमिनीला लावलं आणि निघाला. सरळ, जराही न भटकता, इतक्या ठामपणे की मी धावायला लागले. तीन-चार मिनिटं गेली. रस्ता ओलांडला, एका बोळातून गेलो, वळलो, आणि तो एका भज्यांच्या गाडीसमोर जाऊन थांबला. खाली बसला. मान वर करून भजीवाल्याच्या डोळ्यांत बघायला लागला. हलला नाही. मी शिकवलं होतं तसंच, अगदी तसंच.

भजीवाला म्हणाला, "बडा समझदार कुत्ता है, बहनजी."

मी त्याला विचारलं की पांढऱ्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ दिसले का. नाही म्हणाला. त्याने कुत्र्याला एक भजं टाकलं. मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला रडू आलं नाही, नुसतं उठावंसं वाटेना.

दोन तास गेले, मी पाराशी परत आले होते. नावाड्यांनी कोणाला पाण्याकडे जाताना पाहिलं नव्हतं. पण पाहिलं नाही म्हणजे गेले नाहीत असं थोडंच. उस्ताद माझ्याशेजारी उभे होते आणि सारखं म्हणत होते, "मी बघायला पाहिजे होतं. मी मोजत बसलो." मी त्यांना "तुमची काही चूक नाही" असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मग फोन वाजला. नंबर अनोळखी. बाबांच्या शर्टाच्या खिशाच्या आतून मी कापडाची पट्टी शिवून तिच्यावर माझा नंबर लिहिला होता. खकनारच्या तहसील कचेरीसमोरच्या चहावाल्याने तो वाचून फोन केला होता.

"मॅडम, बाबूजी इधर बैठे हैं. आज इतवार है, ऑफिस बंद है, मैंने बताया, पर उठ नहीं रहे."

नंतर जुळवाजुळव केल्यावर कळलं. पारावरून उठून त्यांनी ऑटो थांबवला, बसस्टँड म्हणाले. तिथे खकनारच्या गाडीत बसले. इतक्या वर्षांचा रस्ता, त्यात पायांना काही आठवावं लागलं नाही. कंडक्टर जुना होता, त्याने ओळखलं आणि भेटायला चालले असतील असं समजून काही विचारलं नाही.

शेतकऱ्यांनी त्यांच्या जीपमधून मला नेलं. डॉबरमन उस्तादांकडे ठेवला. बीगलला ठेवायचं मला सुचलं नाही, तो माझ्या मांडीवरच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि हा खिडकीतून नाक बाहेर काढून एकेक वास घेत चालला होता. शेतकरी म्हणाले, "बाबूजी सापडले मॅडम, आता कशाला जीव जाळता." मी मान डोलावली.

कचेरीच्या पायरीवर बाबा ताठ बसले होते. शर्टाला चुरगळ नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबा," म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर कचेरीत गेले होते तेव्हा पाहिलं होतं. गरजू माणसासाठी राखलेलं, जरा थकलेलं, पण खरं.

"आज छुट्टी है, मॅडम," ते म्हणाले. "मुझे भी किसीने बताया नहीं. आपका काम सोमवार को हो जाएगा. रसीद रखी है ना?"

बाबा माझ्याशी आयुष्यात कधी हिंदीत बोलले नव्हते. कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, शेजारी हिंदी, पण उंबऱ्याच्या आत मराठी, हा त्यांचाच नियम होता. भाऊ लहानपणी हिंदीत उत्तर द्यायचा तर ते त्याला पुन्हा बोलायला लावत.

"बाबा, मी आहे," मी मराठीतच म्हटलं. "चला, घरी जाऊ."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आदराने, लक्ष देऊन. काही तरी कळायचं राहतंय असं त्यांना वाटत असावं. मग त्यांची नजर खाली गेली. "ये कुत्ता आपका है?"

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "जी. मेरा है."

"अच्छा है," ते म्हणाले.

मी हिंदीत त्यांना सांगितलं की मीही बुऱ्हाणपूरलाच चालले आहे, जीप आहे, आपको छोड़ देती हूँ. तेव्हा ते उठले. चहावाल्याला नमस्कार केला. जीपमध्ये चढताना मला म्हणाले, "रसीद संभालकर रखना."

घरी पोचल्यावर, आपली खुर्ची दिसल्यावर, त्यांनी मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. त्या दिवसापुरतं ते परत आले. पण हिंदी गेली नाही. आधी आठवड्यातून एखादं वाक्य, मग रोज. आता बहुतेक हिंदीच, आणि मी "मॅडम".

त्यानंतर मी मैदानावर गेले नाही. उस्तादांचा एकदा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, कुत्रा तयार होत होता. आता मध्ये सोडलं तर सगळं जाईल. वडिलांजवळ बसायला मी माझ्या बायकोला पाठवतो, तुम्ही या." त्यांचा आवाज थकलेला होता. मी विचार करते म्हणाले. त्यांनीही पुन्हा फोन केला नाही. घरी मी काही दिवस त्याला "बघ" म्हणून पाहिलं. बंद खोलीतसुद्धा तो आता दाराच्या फटीकडे बघायचा. बहुधा माझा आवाज बदलला होता.

एक दिवस जेवताना बाबांची नजर खिडकीबाहेर लागली होती, घास तोंडापर्यंत जात नव्हता. मी पोळीचा तुकडा चिमटीत धरून माझ्या डोळ्यांशी नेला आणि म्हटलं, "बघा." त्यांनी बघितलं. मी तुकडा दिला, आणि तोंडून "शाब्बास" निघून गेलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पण संध्याकाळी पुन्हा तसंच केलं, कारण तसं केल्याने ते जेवत होते. महिनाभर चाललं. पुढे तेही चालेना.

कुत्रा त्या शेतकऱ्यांनी धूलकोटला नेला. मीच त्यांना विचारलं होतं. घेऊन जाताना त्याने मागे वळून बघितलं नाही. जीपमध्ये केळीची पानं होती, त्यांना नाक लावून होता. मी मधून मधून फोन करायची. ते म्हणायचे, "मस्त आहे, कापसात ससे हुडकतो, ऐकत कुणाचंच नाही." एकदा म्हणाले की तीन दिवस झाले आला नाही, येईल. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. बाबांनी कुत्र्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. बसायला बाई ठेव म्हणाला. दोघी ठेवून पाहिल्या. एकीला बाबांनी अर्ज लिहून आण म्हणून परत पाठवलं, दुसरी दोन महिन्यांनी लग्नघरच्या कामाला गेली. भाऊ म्हणाला, "ताई, मग बाहेरून कुलूप लावत जा. दुसरा काय इलाज आहे?" मी त्याच्यावर संतापले. तू येऊन लाव म्हणाले. मग सत्र सुरू झालं, शाळेत रजा उरली नव्हती, आणि मी बाजारातून कुलूप आणलं.

सकाळी त्यांचं सगळं करून, पाण्याची बाटली आणि सोललेलं केळं हाताशी ठेवून मी निघते. दुपारच्या सुट्टीत येऊन जाते. पहिले काही महिने मी कडीला कुलूप घालत असताना ते आतून दार वाजवायचे. जोरात नाही, दोनदा, कचेरीत साहेबांच्या खोलीवर वाजवावं तसं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून ते थांबेपर्यंत थांबायची आणि मग शाळेत जायची. शाळेत मग पहिल्या तासाला फळ्यावर गणित लिहिताना माझीच आकड्याची चूक व्हायची आणि मुलं ओरडून सांगायची.

आता ते दार वाजवत नाहीत.